ठोकळ्यांचं वाचन

नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाने रात्रीची जेवणं आटोपल्यावर टेबलावर प्लास्टिकचे ठोकळे पसरून बसावं, त्यांचे संच जमवावेत, त्यासाठी घरातलं एक कपाट अडवावं, याचं स्पष्टीकरण साधारणपणे दोन प्रकारे दिलं जातं. एक म्हणजे हरवलेलं बालपण शोधण्याची धडपड, आणि दुसरं म्हणजे दिवसभराच्या ताणावरचा उतारा. दोन्ही स्पष्टीकरणं सहानुभूतीने दिलेली असतात, आणि दोन्ही अपुरी आहेत. आज पन्नाशीच्या घरात असलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या बालपणी लेगोचा संच ही क्वचित कुणाच्या परदेशी नातेवाइकाने आणलेली अपूर्वाई होती. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध पुरते उठायलाच २००१ साल उजाडलं. जे बालपणी हातात नव्हतंच, त्याची ओढ स्मरणरंजनातून कशी येईल? ताणाच्या उताऱ्याचंही तसंच. मन निवण्यासाठी फिरायला जाता येतं, विणकाम करता येतं, नुसतं गाणं ऐकत पडता येतं. मग हीच वस्तू का, हा प्रश्न उरतोच. या पुस्तकात पुढे संचांची, तंत्रांची, साठवणुकीची माहिती तपशिलाने येणार आहे. त्याआधी या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. प्रौढ माणसाला ठोकळ्यांच्या संचातून मिळणारा आनंद हा मुख्यतः वाचनाचा आनंद आहे. एखादी वस्तू कशी उभी राहते, तिच्या रचनाकाराने कुठली अडचण कशी सोडवली, हे बोटांनी, क्रमाक्रमाने आणि स्वतःच्या गतीने समजून घेण्याचा हा आनंद आहे, आणि तो समजुतीच्या वयातच पुरता मिळतो.

हे वाचन शक्य होतं ते ठोकळ्याच्या काटेकोरपणामुळे, म्हणून सुरुवात ठोकळ्यापासून करायला हवी. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिकच्या साच्याचं यंत्र विकत घेतलं आणि १९४९ मध्ये एकमेकांवर बसणारे ठोकळे बाजारात आणले. ही कल्पना मुळात त्याची नव्हती. ब्रिटनमधल्या ‘किडिक्राफ्ट’च्या हिलरी फिशर पेज यांनी तशा विटा आधीच बनवल्या होत्या, आणि लेगोचा, म्हणजे ओलेच्या कंपनीचा, पहिला ठोकळा उघडउघड त्यांच्यावरून बेतलेला होता. लेगोच्या कौतुकात हा भाग गाळला जातो, तो गाळू नये असं मला वाटतं. त्या पहिल्या ठोकळ्यांत एक मोठी उणीव होती. ते आतून पोकळ होते, त्यामुळे एकावर एक बसत, पण घट्ट धरून राहत नसत. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिने ही उणीव दूर केली. ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या, आणि खालच्या ठोकळ्यावरचे गोल उंचवटे त्या नळ्या आणि भिंती यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखे बसू लागले. या उंचवट्यांना हौशी मंडळी ‘स्टड’ म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. पुढे १९६३ मध्ये जुनं, वाकडं होणारं प्लास्टिक जाऊन एबीएस नावाचं टणक प्लास्टिक आलं आणि मापं वर्षानुवर्षं टिकू लागली. ही मापं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. ‘प्लेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ तुकड्याची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटा मिळून बरोबर एक ठोकळा. साच्यांत चालणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. १९५८ च्या रचनेचा ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर बसतो तो यामुळे. साठ वर्षांहून अधिक काळ आपली मापं न बदललेली, आणि तरीही सतत नवे शब्द घेत गेलेली ही एक भाषा आहे. भाषा असेल तर वाचन असणारच.

या भाषेचा पसारा किती, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. दोन रांगांत चार-चार स्टड असलेले, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते किती प्रकारे जोडता येतील? कंपनी अनेक वर्षं १० कोटी २९ लाख ८१ हजार ५०० हा आकडा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या लक्षात आलं, की हा आकडा फक्त सहा मजली मनोऱ्यांचा आहे. कमी उंचीच्या, पसरट जोडण्या त्यात धरलेल्याच नाहीत. त्यांनी संगणकाच्या साहाय्याने सगळ्या शक्यता मोजल्या, तेव्हा उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळे, एकच आकार, एकच रंग, आणि एवढ्या शक्यता! याचा उलटा पुरावा कंपनीच्याच इतिहासात सापडतो. विसावं शतक संपता संपता लेगोने शक्यता वाढवण्याचा सोपा मार्ग धरला. दर नव्या विषयासाठी नवे, एकाच उपयोगाचे, मोठाले तुकडे ओतायला सुरुवात केली, त्यांची संख्या बेसुमार वाढली, आणि २००३ च्या सुमाराला कंपनी बुडण्याच्या बेतात आली. तोट्याची इतर कारणंही होती, पण २००४ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या योर्गन विग क्नुडस्टॉर्प यांच्या काळात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत तुकड्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणणं ही महत्त्वाची होती. आज ज्या संचांचं मोठी माणसं कौतुक करतात ते बहुतेक या छाटणीनंतरचे आहेत. रचनाकारांना आहे त्याच तुकड्यांतून मार्ग काढणं भाग पडलं, आणि जिथे मार्ग काढावा लागतो तिथेच वाचणाऱ्याला वाचण्यासारखं काही सापडतं.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येऊ. प्रत्येक संचाबरोबर येणाऱ्या सूचनापुस्तिकेत शब्द जवळजवळ नसतातच. आकृत्या असतात, आणि प्रत्येक पायरीला लागणाऱ्या तुकड्यांची चित्रं असतात. ही पुस्तिका काय करायचं ते सांगते, का करायचं ते सांगत नाही, आणि मोठ्या माणसाचं मन याच मोकळ्या जागेत काम करू लागतं. एखाद्या इमारतीच्या पायात मध्येच तपकिरी, निळे, लाल तुकडे का घातले, ते तर कुणाला दिसणारही नाहीत? दहा-वीस पायऱ्यांनंतर कळतं, की आत दडलेले ते रंग जोडणाऱ्याला दिशा कळावी म्हणून ठेवलेले होते. एखादी भिंत आडवी, तिचे स्टड बाहेरच्या बाजूला करून का बांधली? इथे मघाची मापं कामाला येतात. पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणजे पाच प्लेटांची चळत आडवी पाडली तर ती दोन स्टडांच्या जागेत तंतोतंत मावते. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांना तेव्हा याचा पुढचा उपयोग दिसत होता की नाही कोण जाणे, पण आजच्या रचनाकारांची अर्धी करामत या एका समीकरणावर उभी आहे. १९८० च्या सुमाराला मोटारीचे दिवे बसवायला म्हणून एक चिमुकला ठोकळा आला. त्याच्या एका बाजूवर आत दबलेला स्टड आहे. हौशी मंडळी त्याला त्याच्या रचनाकाराच्या नावावरून ‘एर्लिंग’ म्हणतात. हा तुकडा दिव्यांपुरता राहिलाच नाही. बांधकामाची दिशा बदलायची असेल तिथे तो येतो, खिडकीच्या चौकटीत येतो, कोनाड्यात येतो. नव्या संचात तो ओळखीचा तुकडा अनपेक्षित जागी भेटला की जाणकाराला जे सुख होतं, ते चांगल्या लेखकाने नेहमीचाच शब्द अचूक जागी वापरल्यावर वाचकाला होतं तेच. २०२१ च्या बोन्साय वृक्षाच्या संचात गुलाबी बहर आहे. तो जवळून पाहिला तर कळतं, की ती फुलं म्हणजे गुलाबी रंगात ओतलेले चिमुकले बेडूक आहेत. पानाफुलांच्या गर्दीत शंभर बेडूक! ज्याला बेडकाचा तुकडा आधीपासून माहीत आहे त्यालाच यातली गंमत पुरती कळते, म्हणजे इथे पूर्वीच्या वाचनाची शिदोरी लागते.

मोठ्या वास्तूंच्या संचांत हे वाचन आणखी खोल जातं, कारण तिथे रचनाकार स्वतःच एका जुन्या रचनाकाराचं वाचन करत असतो. २००८ मध्ये आलेला ताजमहालाचा संच ५,९२२ तुकड्यांचा होता आणि त्या वेळी तो कंपनीचा सर्वांत मोठा संच होता. २०१७ मध्ये तो थोड्या बदलांसह पुन्हा आला. ताजमहालाची छायाचित्रं आपण इतकी पाहिलेली असतात, की त्यातली सममिती आपल्या लेखी एक घोकलेला शब्द होऊन बसते. संच बांधताना ती हातांना कळते. एक कमान झाली की तीच पुन्हा, तोच मिनार पुन्हा, तीच जाळी पुन्हा. कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातच लक्षात येतं, की चारही बाजूंनी सारखीच दिसणारी वास्तू उभारायची म्हणजे कुठलीही एक बाजू सवलतीने उरकता येत नाही. २०२० च्या कलोसियमच्या संचात ९,०३६ तुकडे आहेत. चौकोनी ठोकळ्यांतून लंबवर्तुळ काढायचं कसं, हा तिथला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे सरळ भिंतींचे तुकडे किंचित कोन करत एकापुढे एक मांडणं. वर जाणाऱ्या मजल्यांवर खांबांच्या डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन अशा तीन शैली येतात, मूळ वास्तूत आहेत तशाच क्रमाने. ही नावं पुस्तकात वाचून विसरली जातात. खालच्या मजल्याचे खांब एका प्रकारे आणि वरचे दुसऱ्या प्रकारे शेकडो वेळा जोडलेल्या माणसाला ती विसरता येत नाहीत. २००७ मध्ये ‘कॅफे कॉर्नर’ या संचाने सुरू झालेली, एकमेकांना खेटून उभी करता येणारी युरोपीय धाटणीची घरं ही मालिका मला याहून सरस वाटते. तिथे कुठल्याही प्रसिद्ध इमारतीची नक्कल नाही. सज्जा, जिना, कोपऱ्यावरचं दुकान, छपराचा उतार, अशा साध्या गोष्टी ठोकळ्यांत कशा मांडायच्या याचा विचार तिथे मोकळेपणी झालेला दिसतो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो ठोकळ्यांवर प्रेम करणारेच घेतात. ठोकळे मुळात मन मानेल ते बांधण्यासाठी होते. दुसऱ्याने ठरवलेल्या पायऱ्या निमूटपणे पार पाडण्यात निर्मिती कुठली? निर्मिती नाही, हे मी मान्य करतो, आणि तिचा दावाही करत नाही. पण जिथे निर्मिती नाही तिथे केवळ आज्ञापालन असतं, हे मला मान्य नाही. मध्ये ग्रहण नावाची मोठी जागा आहे. कुणाची तरी बंदिश गाणाऱ्याला आपण नक्कलखोर म्हणत नाही. शिवाय वाचणाऱ्यांतूनच लिहिणारे निघतात. स्वतःची रचना करणाऱ्या हौशी लोकांची जी जगभर पसरलेली बिरादरी आज आहे, तिची तंत्रं, तिचे शब्द, तिची शिस्त संच बांधून आणि उलगडूनच तयार झाली. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ मध्ये संगणकावर ठोकळे जोडता यावेत म्हणून ‘एलड्रॉ’ ही प्रणाली लिहिली. दोन वर्षांत तो वारला, पण त्याने घालून दिलेल्या पद्धतीवर हौशी मंडळींनी पुढची साधनं उभी केली. २००० मध्ये डॅन येझेक यांनी सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी जो बाजार उघडला तो ‘ब्रिकलिंक’ या नावाने प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच तो विकत घेतला. आज सामान्य हौशी माणसाने सुचवलेल्या रचनेला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी ती संच म्हणून काढण्याचा विचार करते, आणि असे अनेक संच निघालेही आहेत. या मंडळींपैकी कोणीही कोऱ्या मनाने सुरुवात केलेली नाही.

या संदर्भात एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना लेगोच्या लहान आकृत्या जोडायला दिल्या. पहिल्या आकृतीला दोन डॉलर, मग प्रत्येक पुढच्या आकृतीला ११ सेंट कमी. एका गटाच्या पुऱ्या झालेल्या आकृत्या त्यांच्यासमोर टेबलावर मांडून ठेवल्या. दुसऱ्या गटाच्या आकृत्या त्यांच्या डोळ्यांदेखत मोडून, तेच तुकडे पुन्हा जोडायला दिले. मोबदला सारखा, काम सारखं. पहिल्या गटाने सरासरी १०.६ आकृत्या जोडल्या, दुसऱ्या गटाने ७.२. यातून बहुतेक लोक कामाच्या अर्थपूर्णतेविषयी निष्कर्ष काढतात, आणि ते योग्यच आहे. पण ठोकळ्यांच्या छंदाविषयीही यातून काही कळतं. आपण जे समजून उभं केलं ते काही काळ तसंच उभं राहावं, डोळ्यांसमोर असावं, ही गरज खोटी नाही, म्हणून संच जमवणाऱ्याच्या कपाटाला नुसता हव्यास म्हणून हिणवता येत नाही. आणि दुसऱ्याने मोडलेली आकृती हात थांबवते, तर हौशी माणूस महिन्या-दोन महिन्यांनी तोच संच स्वतःच्या हाताने सोडवतो, कारण त्या मोडण्यातही उलट्या क्रमाने वाचन असतं. बांधताना न कळलेला सांधा सोडवताना कळतो. ज्या खेळण्यांत मोडणं म्हणजे नासधूस होत नाही, अशी खेळणी जगात फार नाहीत.

दुसरा आक्षेप वयाचा. खेळणं ते मुलांचं, मोठ्यांनी त्यात रमणं म्हणजे पोरकटपणा. याला इतिहासातून सरळ उत्तर मिळतं. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं मेकॅनो हे भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं आणि नट-बोल्टांचं खेळणं मुलांसाठी होतं. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी प्रामुख्याने त्याच मेकॅनोच्या तुकड्यांतून समीकरणं सोडवणारं यंत्र बांधलं आणि अणूच्या रचनेविषयीची खरी आकडेमोड त्यावर केली. खेळणं आणि उपकरण यांच्यामध्ये आपण जी भिंत मानतो ती वस्तूत नसते. आपल्याकडेही पाहा. दिवाळीतला किल्ला मुलांचा म्हणायचा, पण तटाला बुरूज कुठे हवा, पाण्याचं टाकं कुठे असलं पाहिजे, दरवाजा समोरून दिसू नये म्हणून वाट कशी वळवायची, यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं मोठीच असतात, आणि मंडळांच्या किल्ला-स्पर्धांत तर खऱ्या गडांचे नकाशे समोर ठेवून काम चालतं. तिथे कोणी पोरकटपणाचा आरोप करत नाही, कारण त्या मातीच्या कामामागे अभ्यास आहे हे आपल्याला दिसतं. ठोकळ्यांच्या बाबतीत तो अभ्यास दिसत नाही, एवढाच फरक. रंगीत प्लास्टिक पाहिलं की आपण पुढे पाहायचं थांबतो.

पैशाचा आक्षेप मात्र मी सहज उडवून लावणार नाही. हा महाग छंद आहे, आणि आपल्याकडे अधिकच महाग आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. देशी कारखानदारीला आधार म्हणून ते समजण्यासारखं असलं, तरी मोठा संच मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या किराण्याला सहज मागे टाकतो ही वस्तुस्थिती आहे. त्यात २०२० पासून कंपनीने काळ्या खोक्यांवर ‘१८+’ छापून प्रौढांसाठी वेगळी फळी उघडली, तेव्हा हा सगळा आनंद जाहिरातीनेच निर्माण केला आहे का, ही शंका रास्त ठरते. माझं उत्तर असं, की कॅफे कॉर्नर २००७ चा, ब्रिकलिंक २००० चा, एलड्रॉ १९९५ ची. हौशी माणसं आधी आली, खोक्यावरचा आकडा मागून आला. कंपनीने मागणी फुगवली असेल, निर्माण केली नाही. आणि ठोकळ्यावर कंपनीची एकाधिकारशाहीही राहिलेली नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं, की ठोकळ्याचा आकार हे त्याचं काम आहे आणि कामावर कायमचा मालकी हक्क सांगता येत नाही. ज्यांना डॅनिश खोकी परवडत नाहीत त्यांनी इतरांचे जुळणारे ठोकळे घ्यावेत. मूळ कंपनीचा काटेकोरपणा सगळ्यांकडे सापडत नाही, पण अलीकडे अनेकांनी तो बराच गाठला आहे. कुणाच्या प्रसिद्ध रचनेची चोरटी प्रत घेऊ नये, इतकं पथ्य पाळलं म्हणजे झालं.

पैशाच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे गुंतवणूक. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या, उत्पादन थांबलेल्या संचांच्या किमती तपासल्या आणि त्यावरचा सरासरी वार्षिक परतावा ११ टक्क्यांच्या आसपास असल्याचं दाखवलं. अशा परताव्याच्या आशेने न उघडलेली खोकी माळ्यावर रचून ठेवणारे लोक आहेत. ते त्यांचं गणित आहे आणि त्यांना लखलाभ. पण त्याला छंद म्हणू नये. सगळ्या संचांना असा भाव येत नाही, जागा अडते, खोकं दबलं तरी किंमत उतरते, हे व्यावहारिक मुद्दे आहेतच. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. न उघडलेला संच म्हणजे न वाचलेलं पुस्तक, आणि ते न वाचण्यासाठीच घेतलेलं. संग्रह करणारा आणि साठा करणारा यांत मी इथे रेघ ओढतो. संग्राहकाच्या कपाटात दोन संच शेजारी असतात कारण एकाच प्रश्नाची दोन उत्तरं त्याला ताडून पाहायची असतात. २००७ च्या इमारतीची खिडकी आणि २०२० नंतरच्या इमारतीची खिडकी जवळ ठेवली की तंत्र किती पुढे गेलं ते एका नजरेत दिसतं. त्याच्या संग्रहाला दिशा असते. कुणी फक्त वास्तू जमवतो, कुणी आगगाड्या, कुणी यांत्रिक हालचालींचे संच. सगळंच जमवणाऱ्याच्या हाती सहसा खोक्यांचा ढीग तेवढा उरतो.

आणि प्लास्टिक. यावर मला पळवाट काढायची नाही. एबीएस खनिज तेलातून येतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘टोकियो एक्स्प्रेस’ या जहाजावरून कंटेनर समुद्रात कोसळले, त्यांत लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, आणि आजही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर त्यांतले ऑक्टोपस आणि पाणबुड्यांची पायपंखी सापडतात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासाने किनाऱ्यावर सापडलेल्या ठोकळ्यांची झीज मोजून अंदाज बांधला, की असा ठोकळा समुद्रात १०० ते १,३०० वर्षं टिकू शकेल. कंपनीने बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे बनवण्याचा प्रयत्न केला आणि २०२३ मध्ये तो सोडून दिला, कारण त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री धरली तर कार्बनचं उत्सर्जन उलट वाढत होतं. हे सगळं खरं आहे. ठोकळ्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते, आणि ती छोटी नाही: तो फेकला जात नाही. एकदा वापरून टाकायच्या वस्तूंच्या काळात चाळीस वर्षांपूर्वीचा तुकडा आजच्या संचात कामाला येतो, आणि जुन्या तुकड्यांना गिऱ्हाईक असतं. हे समर्थन टिकवायचं की मोडीत काढायचं हे मात्र छंद करणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून आहे. जो दर महिन्याला नवा संच आणतो आणि जुन्याकडे वळून पाहत नाही, त्याला हा युक्तिवाद वापरण्याचा अधिकार नाही.

या पुस्तकाचा वाचक नवखा असेल असं धरून शेवटी थोडं व्यवहाराचं बोलतो. पहिला संच पाचशे ते हजार तुकड्यांच्या आतला, आवडत्या विषयाचा घ्यावा. प्रचंड संचाने सुरुवात केलेली माणसं बऱ्याचदा अर्ध्यावर दमतात. तुकडे वेगळे करताना रंगाप्रमाणे न करता आकाराप्रमाणे करावेत. एकाच आकाराच्या ढिगातून हवा तो रंग डोळ्यांना चटकन सापडतो, पण एकाच रंगाच्या ढिगातून हवा तो आकार शोधताना जीव मेटाकुटीला येतो. घट्ट बसलेल्या प्लेटा सोडवायला अनेक संचांत मिळणारं सपाट पात्याचं हत्यार वापरावं. दात वापरू नयेत, त्याने तुकडा आणि दात दोन्ही बिघडतात. उन्हात ठेवलेले पांढरे ठोकळे पिवळे पडतात, म्हणून खिडकीजवळची फळी टाळावी. एका बैठकीत संच संपवायची घाई करू नये, आणि मध्ये कुठे ‘हे असं का?’ असं वाटलं तर पुढची पायरी न उलटता तिथेच थांबावं. मग तो संच महिनाभर समोर ठेवावा, सोडवावा, पुस्तिका बाजूला ठेवून त्याच तुकड्यांतून दुसरं काहीतरी बांधून पाहावं. ते जमलं नाही तरी चालेल. पण हे केल्याशिवाय दुसरा संच विकत घेऊ नये, एवढी विनंती.